अबोलीची सावली

आमच्या चंद्रपूरच्या घरामागे सागाची सात झाडे आहेत. आधीच्या मालकाने बहुधा लेकीच्या लग्नाचा हिशेब धरून ती लावली असावीत. वडील गेल्यावर आई वेंगुर्ल्याहून कायमची माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या पिशवीत अबोलीच्या वाळक्या तुऱ्यांची पुडी होती. तिकडे माडा-पोफळींखालच्या कवडशांत अबोली सुखाने फुलते. तिला भर ऊन नको आणि गर्द काळोखही नको. आईने सागाची ताटाएवढी पाने पाहिली आणि जागा मुक्रर केली.

श्रावणात रोपे उगवली. सागाच्या रुंद पानांवर साचलेले पाणी जाड थेंबांनी खाली आदळते, माती उसवते. आईने पालापाचोळा अंथरून तेवढे निभावले. फाल्गुनात मात्र साग पुरता निष्पर्ण झाला. आरमोरीकडचे एक वृद्ध शेजारी कुंपणापलीकडून म्हणाले, "सर, सागाची सावली उनाऱ्यात नाई रायत." वर्गात 'छाया' या प्रतिमेवर तासभर बोलणाऱ्या मला इतकी साधी गोष्ट ठाऊक नव्हती. पारा पंचेचाळिशीपलीकडे गेला, रोपे करपली. "पाणी कमी नव्हतं हो घातलं," एवढेच आई म्हणाली. त्यानंतर कित्येक दिवस ती परसात फिरकली नाही. तिला इकडे आणण्याचा निर्णय माझा होता. मी विचारायचे टाळले.

पावसाळ्यात तिला आलापल्लीला नेले. तिथला 'वनवैभव' हा जुन्या सागांचा राखून ठेवलेला तुकडा २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला. वाटेतल्या सागवनात मुरुडशेंगेची झुडपे होती: ताजी फुले विटकरी, शिळी निळसर राखाडी. "ही कुणी लावली?" आईने विचारले. कुणीच नाही, मी म्हटले. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. (पीळदार शेंग बाळांच्या पोटदुखीवर उगाळून देतात, हे मात्र तिला माझ्याआधी माहीत होते.)

परतल्यावर तिने उरलेले बी आंब्याच्या कडेला, जिथे सकाळचे ऊन तिरपे शिरते तिथे, टाकले. आंबा वैशाखातही पाने सोडत नाही. तरीही ओली गोणपाटे बांधावी लागलीच. पाच रोपे जगली.

परवा तिने मला स्वयंपाकघरात हाक मारली. वाटीभर पाण्यात वाळका तुरा बुडवला होता. ओल लागताच बोंडे तडतडली आणि एक बी थेट माझ्या चष्म्यावर येऊन आदळले.