पोटातलं ओठावर न आणणारा

आपल्या खडेबाजारात काही लपून राहत नाही. एका टोकाला कुणी साडी घेतली, की दुसऱ्या टोकाला तिचा भाव आधी पोचलेला असतो. गल्ल्यावरचा यूपीआयचा डबा तर आलेली रक्कम खणखणीत आवाजात वाचून दाखवतो. शेजारच्या गिऱ्हाइकाला कळते, समोरच्या दुकानदारालाही कळते. अशा बाजारात एका अगदी उलट स्वभावाच्या गृहस्थांची ओळख करून द्यायची आहे. कागदोपत्री त्यांचं नाव झीरो-नॉलेज प्रूफ. धंद्यातली माणसं नुसतं झेडके म्हणतात. त्यांनी चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा आपण झेडकेराव म्हणू.

झेडकेराव खोटं बोलत नाहीत आणि एका वाक्यापलीकडे बोलत नाहीत. ‘हे खरं आहे’ एवढंच सांगतात. कसं, किती, कुणाचं, हे विचारलं की तोंडाला कुलूप. आणि तरीही समोरच्याची खात्री पटवूनच उठतात. ही किमया कशी होते, ते इथेच, कापडाच्या दुकानात बसून पाहता येईल.

समजा, दुकानदाराला लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. तुमच्याकडे एकाच कापडाचे, एकाच मापाचे दोन ब्लाउजपीस आहेत, एक लाल आणि एक हिरवा. त्याला दोन्ही सारखेच दिसतात. ते वेगळे आहेत हे तुम्हाला पटवायचं आहे, पण कुठला लाल हे सांगायचं नाही. त्याने दोन हातांत दोन पीस धरून तुम्हाला दाखवावेत, मग हात पाठीमागे न्यावेत, वाटलं तर अदलाबदल करावी, नाहीतर तसेच पुढे आणावेत आणि विचारावं, ‘काय ओ, बदललं की तसंच हाय?’ तुम्ही एकदा बरोबर सांगितलंत तर तो म्हणेल, नशिबाने जमलं. वीस वेळा लागोपाठ बरोबर सांगितलंत, तर नुसत्या अंदाजाने असं जमण्याची शक्यता 10,48,576 मध्ये 1 उरते. दुकानदार मान डोलावतो. कापडं वेगळी आहेत हे त्याला पटलं, पण त्यातलं लाल कुठलं, हे त्याला अजूनही ठाऊक नाही. शेजारच्या दुकानदाराला जाऊन तो हे सिद्ध करूनही दाखवू शकत नाही. शेजारी म्हणेल, तुम्ही दोघांनी आधीच ठरवलं असेल. झेडकेरावांचा सगळा स्वभाव या एका खेळात आहे.

त्यांचा जन्म 1985चा. शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ हे संगणकशास्त्रज्ञ त्यांचे जन्मदाते. हे मूल विद्वानांच्या पंगतीत सहजासहजी बसलं नाही. ही गणिती पद्धत मांडणारा शोधनिबंध स्वीकारला जाण्याआधी अनेकदा परत आला होता. काहीही न सांगता काही सिद्ध करता येतं, हे कुणाला पटेना. पुढे 1993 साली पहिलंवहिलं गोडेल पारितोषिक ज्यांना मिळालं, त्यांत हाच निबंध होता, आणि 2012च्या ट्युरिंग पुरस्काराने गोल्डवासर आणि मिकाली यांचा सन्मान झाला. झेडकेरावांच्या मानेत आज जो ताठा दिसतो, तो या दिवसांचा आहे. त्यांनी तो कष्टाने मिळवला आहे.

मान मिळाला, पण हाताला काम कितीतरी वर्षं नव्हतं. विद्यापीठातल्या फळ्यांवर वावरायचं, परिषदांना जायचं, कौतुक ऐकायचं, एवढंच. काम मिळालं ते बिटकॉइन हे आभासी चलन आल्यावर. 3 जानेवारी 2009ला सुरू झालेली बिटकॉइनची खातेवही जगाला उघडी आहे. तिच्यात नावाऐवजी आकडे-अक्षरांचा पत्ता असतो, म्हणून लोकांना वाटलं की इथे आपण कुणाला दिसत नाही. पण तो पत्ता कुणाचा हे एकदा समजलं की त्या पत्त्यावरचा मागचा-पुढचा सगळा व्यवहार उघडा पडतो. आज तुम्ही कुणाला त्या पत्त्यावरून पैसे दिलेत, तर तो घरी बसून तुमची शिल्लक पाहू शकतो. अशा वहीला झेडकेरावांची गरज होतीच.

2014 साली झीरोकॅश नावाने आराखडा मांडला गेला आणि 28 ऑक्टोबर 2016ला झीकॅश हे चलन सुरू झालं. तिथे झेडकेराव रीतसर नोकरीला लागले. झाकलेल्या व्यवहारात देणारा कोण, घेणारा कोण, रक्कम किती, तिन्हींवर पडदा. वहीवर झेडकेरावांची एक छोटी साक्ष: हे पैसे देणाऱ्याचे स्वतःचे आहेत, त्याने ते आधी खर्च केलेले नाहीत, आणि आले-गेल्याचा मेळ बसतो. वही सांभाळणाऱ्यांना एवढंच पाहायचं असतं.

खाण्यापिण्याच्या बाबतीत मात्र गृहस्थ सुरुवातीला भलतेच भारी पडले. एक झाकलेला व्यवहार तयार करायला संगणकाची तीन जीबीच्या आसपास मेमरी आणि चाळीसेक सेकंद लागत. मोबाइलवर त्यांना बोलावणं शक्यच नव्हतं, म्हणून झीकॅश वापरणारेसुद्धा बहुतेक उघडेच व्यवहार करायचे. ऑक्टोबर 2018 मध्ये सॅपलिंग नावाची सुधारणा आली आणि तो आहार चाळीस एमबीवर, वेळ काही सेकंदांवर आला. त्यांची एक गोष्ट मात्र पहिल्यापासून चांगली. घाम गाळायचा तो स्वतः, तपासणाऱ्याला तसदी द्यायची नाही. साक्ष तयार व्हायला कितीही वेळ लागो, ती तपासायला क्षणही लागत नाही.

सोवळंही कडक. झीकॅशच्या आरंभी एक विधी करावा लागला. सहा माणसांनी सहा ठिकाणी बसून एका गुप्त संख्येचे तुकडे तयार केले आणि काम झाल्यावर नष्ट केले. सगळे तुकडे कुणाच्या हाती एकत्र लागले असते, तर खोटी नाणी पाडता आली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. सहांपैकी एक जरी प्रामाणिक राहिला तरी पुरे, असा त्याचा हिशेब. त्या सहांत टोपणनावाने अमेरिकेची पाळत उघडकीला आणणारे एडवर्ड स्नोडेन होते, हे 2022 साली जाहीर झालं. त्याच वर्षी झेडकेरावांनी नवी पद्धत धरली आणि त्या पद्धतीच्या व्यवहारांसाठी या विधीची गरजच उरली नाही. मोजक्या माणसांच्या प्रामाणिकपणावर उभं राहणं त्यांना स्वतःलाच रुचत नसावं.

आता त्यांचा खरा दोष. झाकलेल्या ठिकाणी चूक झाली, तर ती चूकही झाकलीच जाते. मार्च 2018 मध्ये झीकॅशच्या एरियल गॅबिझॉन यांना मूळ गणितात एक भोक सापडलं. त्यातून अमर्याद खोटी नाणी पाडता आली असती. मोजक्या माणसांनी ते कानोकान खबर न होऊ देता ठेवलं, ऑक्टोबरच्या सुधारणेत बुजवलं आणि फेब्रुवारी 2019 मध्ये जगाला सांगितलं. खोटी नाणी पाडली गेल्याचा पुरावा मिळाला नाही, असं त्यांनी तेव्हा जाहीर केलं. पण उघड्या वहीत जशी एकेक नोंद बोट ठेवून मोजता येते, तशी ती इथे येत नाही. झेडकेरावांवर विश्वास ठेवणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं.

गर्दीचा त्यांना सोस आहे. एकट्या माणसाला ते लपवू शकत नाहीत. 2019 साली सुरू झालेल्या टोर्नेडो कॅश या पैशाचा माग पुसणाऱ्या सोयीत हे स्पष्ट दिसतं. तिथे इथेरियमच्या ईथर या चलनात 0.1, 1, 10 किंवा 100 अशा ठरावीक रकमाच ठेवता येतात, कारण विचित्र रक्कम लगेच ओळखू येते. पैसे ठेवले की एक गुप्त चिठ्ठी मिळते. काही दिवसांनी दुसऱ्याच पत्त्यावर ते काढायचे. झेडकेराव साक्ष देतात की ‘या ठेवीदारांपैकी एक हाच आहे’, आणि कुठला हे सांगत नाहीत. ठेवींच्या एका कुंडात 10,48,576 ठेवी मावतात. ब्लाउजपीसच्या खेळातला आकडाच इथे पुन्हा भेटतो, कारण दोन्हीकडे दोनाचा विसावा घात आहे. ठेवी दहाच असतील तर मात्र हे लपणं नावापुरतंच. आणि चिठ्ठी हरवली तर पैसे गेले. गाऱ्हाणं ऐकायला तिथे मॅनेजर नाही.

संगतीचा डाग लागला तो इथेच. 18 जुलै 2024ला मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो बाजारातून सुमारे साडेतेवीस कोटी डॉलर, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांच्या आसपासची मालमत्ता चोरीला गेली. त्या सप्टेंबरात चोरांनी ती मालमत्ता ईथरच्या रूपात टोर्नेडो कॅशमधून फिरवायला घेतली. जानेवारी 2025 मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदनात या चोरीचं खापर उत्तर कोरियावर फोडलं. आपल्याकडच्या कितीतरी साध्या माणसांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले. झेडकेरावांनी त्या चोरांसाठीही तीच साक्ष दिली, जी ते कुणासाठीही देतात. त्याच टोर्नेडोमधून युक्रेनला मदत पाठवल्याचं इथेरियमचे व्हिटालिक ब्युटेरिन यांनी 2022 साली सांगितलं होतं. दोन्ही साक्षी गणिताने खऱ्या होत्या. झेडकेराव खरं-खोटं पाहतात. भलं-बुरं त्यांना दिसत नाही.

सरकारं चिडली. 8 ऑगस्ट 2022ला अमेरिकेने टोर्नेडो कॅशवर निर्बंध घातले. टोर्नेडो घडवणाऱ्यांपैकी अलेक्सी पेर्तसेव्ह यांना मे 2024 मध्ये नेदरलँड्समधल्या न्यायालयाने पाच वर्षं चार महिन्यांची शिक्षा सुनावली. नोव्हेंबरात अमेरिकेच्या अपील न्यायालयाने म्हटलं की जो संगणकीय प्रोग्राम कुणालाच बदलता येत नाही, तो कुणाची मालमत्ता ठरत नाही. मार्च 2025 मध्ये निर्बंध उठले. तरी ऑगस्ट 2025 मध्ये टोर्नेडो घडवणाऱ्यांपैकीच रोमन स्टॉर्म हे विनापरवाना पैसे पाठवण्याचा धंदा चालवण्याच्या कटात दोषी ठरले. गणिताला बेडी घालता येईना, तेव्हा ती माणसांच्या हातांत पडली.

आपल्या भागाला झाकलेला व्यवहार नवा नाही. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून बैलाचा भाव ठरायचा, हे जुन्या माणसांनी पाहिलं आहे. शेतमालाच्या बाबतीत कायद्याने उघड लिलावाचा आग्रह धरला, कारण रुमालाखाली दलालाचं गुपित सांभाळलं जायचं आणि शेतकरी नाडला जायचा. गुपित कुणाचं राखलं जातं, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा. बलवानाचं गुपित आणि दुबळ्याची अब्रू एकाच तराजूत घालू नयेत.

आणि अब्रू हा हक्क आहे. 24 ऑगस्ट 2017ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. तो खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते पुट्टस्वामी आपल्या कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. दवाखान्याचं बिल, मुलीच्या लग्नासाठी साठवलेली रक्कम, अडल्यानडल्या भावाला दिलेले पैसे, हे सगळ्या बाजाराने का वाचावं? मात्र खासगीपणा म्हणजे करातून सुटका नव्हे. क्रिप्टोच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022पासून 30 टक्के कर आहे, आणि मार्च 2023पासून हे व्यवहार चालवणाऱ्या संस्था मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आहेत.

झेडकेरावांचा हट्टीपणा वयाबरोबर जरा निवळला आहे, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. झीकॅशमध्ये पाहण्याची वेगळी किल्ली असते. ती हिशेबनिसाला दिली, की त्याला व्यवहार दिसतात, पैशाला मात्र हात लावता येत नाही. मार्च 2025 मध्ये सुरू झालेल्या प्रायव्हसी पूल्समध्ये ते आणखी एक साक्ष देतात: ‘माझी ठेव कुठली ते सांगणार नाही, पण ती स्वच्छ ठेवींच्या यादीतली आहे.’ आणि अ‍ॅनॉन आधार नावाच्या प्रकल्पात आधार कार्डावरच्या क्यूआरवरून ते एवढंच सांगतात की या माणसाचं आधार खरं आहे आणि वय अठराच्या वर आहे. बारा आकडी नंबर कुणाच्या हाती पडत नाही. जिथे तिथे आधारची झेरॉक्स देणाऱ्या आपल्या माणसांना झेडकेराव सगळ्यांत जास्त उपयोगी पडतील, ते या कामात.

माझं मत स्पष्ट आहे. झेडकेराव सज्जन आहेत आणि साध्या माणसाच्या कामाचे आहेत. त्यांच्यावर सरसकट बंदी घालणं म्हणजे चोर सोडून कुलूप बनवणाऱ्याला धरणं. पण ते तुमची पारख करणार नाहीत, समोरच्याची तर नाहीच. म्हणून त्यांच्याशी व्यवहार करायचा असेल, तर पाहण्याची किल्ली ज्यात असेल तीच सोय निवडा, स्वतःचा हिशेब लिहून ठेवा, कर भरा, आणि ‘यात कुणालाच काही कळणार नाही’ असं सांगत जो कुणी गुंतवणुकीसाठी मागे लागेल, त्याला पहिल्याच दिवशी दारातून परत पाठवा.