तिशीनंतरची मुरुमे

मुरुमे ही वयात येण्याची खूण आहे, लग्न झाले की ती आपोआप जातात, असा समज आपल्या घराघरांत पक्का बसलेला आहे. त्यामुळे तिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दुखऱ्या गाठी उठू लागल्या, की तिला आधी लाज वाटते; उपचाराचा विचार फार उशिरा सुचतो.

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावासारख्या गावात एखाद्या किराणा व्यापाऱ्याच्या घरची तेहतीस वर्षांची सून डोळ्यांसमोर आणावी. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचे तर परभणी किंवा लातूर गाठावे लागते. स्वयंपाक, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधे हे सारे लावून देऊन जायचे आणि कारण काय, तर चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या! असे कारण सांगायला तिचा जीव धजत नाही. मग जाऊबाईंनी सुचवलेले गोरेपणाचे क्रीम घरात येते. थोड्याच दिवसांत चेहरा उजळतो, कौतुकही होते. पुढे क्रीम थांबवताच चेहरा लालबुंद होतो, आग होते, मुरुमे पूर्वीपेक्षा जोमाने उठतात. आणि तेच क्रीम पुन्हा लावणे भाग पडते. मुद्दल न फिटता व्याज चढत राहणाऱ्या कर्जासारखीच ही अवस्था असते.

अशा अनेक मिश्र क्रीममध्ये बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन हे स्टेरॉइड असते. त्याच्या सततच्या वापराने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने याविरुद्ध मोहीम चालवली आहे, आणि 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास प्रतिबंध करणारी दुरुस्ती केली. बराच काळ वापरलेले असे क्रीम मनाने एकदम बंद करू नये. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावे.

मुरुमांचे मूळ अस्वच्छतेत नसते. तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात, रंध्राचे तोंड बुजते, तेथे जिवाणू वाढतात आणि दाह होतो. प्रौढ स्त्रियांत यामागे संप्रेरकांचा वाटा मोठा असतो. पाळी अनियमित असेल, ओठांवर वा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. कपाळावर ओघळणारे केसांचे तेलही रंध्रे बुजवू शकते. चेहरा वारंवार साबणाने घासणे, लिंबू किंवा टूथपेस्ट लावणे यांनी दाह वाढतो.

सौम्य मुरुमांवर 2.5 ते 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड आणि रात्री अत्यल्प प्रमाणात अ‍ॅडापलीन ही लावण्याची औषधे दिली जातात. प्रारंभी त्वचा कोरडी पडते, म्हणून मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन सोबत हवे. दाह अधिक असेल तर डॉक्सिसायक्लिन ठरावीक मुदतीसाठी, साधारणतः तीन महिने देतात. संप्रेरकांशी संबंधित मुरुमांवर स्पायरोनोलॅक्टोन दिले जाते. व्रण पडणाऱ्या तीव्र मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन प्रभावी आहे. परंतु गर्भावर त्याचे गंभीर दुष्परिणाम होतात. ते चालू असताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना गर्भधारणा होऊ देता कामा नये. गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रीने ही गोष्ट संकोच न करता प्रथम सांगावी. तिच्यासाठी अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडसारखा सुरक्षित पर्याय आहे.

आपल्या आचारधर्माशी निगडित दोन गोष्टीही डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. आयसोट्रेटिनॉइनच्या मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी औषध लिहून घेण्यापूर्वीच विचारावे. दुसरी गोष्ट चौविहाराची. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासह घ्यायचे असते आणि घेतल्यावर लगेच आडवे व्हायचे नसते. सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्यांनी ते सकाळच्या जेवणासोबत घेण्याची वेळ ठरवून घ्यावी. पर्युषणातील उपवासांत औषधांचे काय करायचे, हेही आधीच विचारून ठेवावे.

कोणत्याही उपचाराचा खरा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आठवड्यात चेहरा उजळवणाऱ्या गोष्टीकडे म्हणूनच संशयाने पाहावे. आपल्या व्यापारी समाजाला खरे म्हणजे हे समजावून सांगण्याची गरज नाही. झटपट दुप्पट परतावा देऊ करणाऱ्याकडे शहाणा व्यापारी आपली ठेव ठेवत नाही.

मुरुमांनी जीव जात नाही हे खरे. पण व्रण जन्मभर राहतात, आणि चारचौघांत पदराआड तोंड लपवणाऱ्या सुनेचे दुःख कोणाच्याही हिशेबात धरले जात नाही. तिला परभणीला घेऊन जाण्यासाठी घरातील कोणी एक दिवस काढला, तर तिच्या उपचाराची निम्मी वाट तेथेच सरते.