घामाचा जमाखर्च

जानेवारीतील एका रविवारी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरातून जो सहस्रावधी धावकांचा ओघ पहाटेच्या अंधारात बाहेर पडतो, मरीन ड्राइव्ह, पेडर रोडची चढण, वरळी, माहीम असा मुलूख तुडवून 42 किलोमीटर 195 मीटरांचे अंतर पुरे करतो आणि पुन्हा दक्षिण मुंबईत येऊन विसर्जित होतो, तो रस्त्याच्या कडेला स्वेटर घालून पाहणाऱ्या नागरिकास असे वाटण्याचा संभव आहे की, ही सारी शीतकाळाची हौस असावी. दिवाळीचा फराळ अंगावर चढला, आरशाने तक्रार केली आणि मंडळी धावत सुटली. वस्तुस्थिती अशी नाही. शर्यत ऐन थंडीत भरत असली तरी तिची सनद वैशाखातच लिहून घ्यावी लागते. आणि ज्यांना जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्सची सुमारे 90 किलोमीटरांची धाव किंवा सप्टेंबरअखेर बर्लिनची मॅरेथॉन गाठावयाची असते, त्यांच्या सरावाचे सर्वांत जड आठवडे तर नेमके उकाड्याच्या आणि पावसाळी दमटपणाच्या वाट्याला येतात.

उन्हाळ्यात धावावयाचे तर पहाटे, हा सर्वमान्य शिरस्ता आहे, आणि पुण्यात किंवा साताऱ्यात तो पाळणाऱ्यास त्याचे फळही रोख मिळते. मुंबईची पहाट मात्र फसवी. मे महिन्यात पारा येथे सहसा 27 अंशांच्या खाली उतरत नाही. शिवाय जी घटका तापमानाच्या दृष्टीने अनुकूल, तीच आर्द्रतेच्या दृष्टीने सर्वांत प्रतिकूल, कारण हवा जसजशी निवते तसतशी तिची बाष्प धारण करण्याची शक्ती उणावत जाते आणि सूर्योदयापूर्वीच्या प्रहरी सापेक्ष आर्द्रता शेकडा 80 च्या आसपास जाऊन पोचते. दादरच्या फुलबाजारात, शेवंतीच्या आणि मोगऱ्याच्या राशींवर पाणी शिंपडीत बसलेल्या एका बाईंनी आम्हांला एकदा नखशिखान्त न्याहाळून विचारले होते, “दादा, आत्ताच एवढा घाम? ऊन तर अजून पडायचंय!” प्रश्न अत्यंत मार्मिक होता, पण त्याचे उत्तर देण्याइतका श्वास त्या वेळी आमच्यापाशी शिल्लक नव्हता.

उत्तर असे की, घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम उडून जाण्याने होते. मे महिन्यातील दुपारी नागपूरच्या घरात ज्या माठातील पाणी दातांना कळ आणील इतके गार असते, तोच माठ गिरगावातील चाळीत आणून ठेवला तर त्यातील पाणी कोमट होण्याचे जेमतेम टळते. आणि यात दोष कुंभाराचा नसून, आधीच बाष्पाने भरलेली हवा माठाच्या अंगावरचा ओलावा स्वीकारावयास तयार नसते, एवढाच आहे. 43 अंशांच्या कोरड्या दुपारी, आर्द्रता शेकडा 15 असताना, ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक 23 अंशांच्या आसपास स्थिरावतो. मुंबईच्या 28 अंशांच्या पहाटे, आर्द्रता 80 असताना, तोच तापमापक 25 च्या वर राहतो. (म्हणून कोणी नागपुरात भर दुपारी धावावयास निघू नये, माथ्यावरचे ऊन या गणितात धरलेले नाही.)

आता धावणाऱ्या देहाचा जमाखर्च पाहावा. 65 किलो वजनाचा मनुष्य तासाला 10 किलोमीटर अशा बेताच्या गतीने धावला तर सुमारे 650 किलोकॅलरी ऊर्जा खर्ची पडते, आणि तिच्यातील तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग, म्हणजे 500 च्या घरातील रक्कम, निव्वळ उष्णता म्हणून अंगावर जमा होते. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. कागदोपत्री पाहता लिटरभर घामात सारे देणे फिटावे. प्रत्यक्षात दीड-दीड लिटर घाम निघतो, कोपरांवरून ठिबकतो, भुवयांवरून डोळ्यांत उतरून आग करतो, बुटांत साचून पावलागणिक चपचप वाजतो, आणि उष्णतेची बाकी तशीच उभी राहते; कारण जो थेंब जमिनीवर पडला तो फुकट गेला. श्रमाचे मोल गळालेल्या घामावरून ठरविण्याची सवय निदान समुद्रकाठच्या धावकाने तरी सोडून द्यावी.

हा न्याय शास्त्रशुद्ध रीतीने अमलात आणला तो लष्कराने. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना प्रांतातील पॅरिस आयलंड या दमट बेटावर मरीन दलाच्या नव्या रंगरूटांची कवायत चाले आणि त्यांतील कित्येक उष्म्याने कोसळत. तेव्हा 1950 च्या दशकात जो निर्देशांक सिद्ध करण्यात आला, त्यात ओल्या फडक्याच्या तापमापकास दहांपैकी सात हिस्से देण्यात आले, उन्हाची धग मोजणाऱ्या काळ्या गोळ्यास दोन, आणि ज्या साध्या तापमापकाचा आकडा वर्तमानपत्रात वाचून आपण हळहळतो, त्यास अवघा एक. हा हिशेब ठाऊक असूनही 2019 साली जागतिक अजिंक्यपदाची मॅरेथॉन कतारमधील दोहा येथे भरविण्यात आली. स्त्रियांची शर्यत मध्यरात्रीच्या ठोक्याला सुरू झाली. ऊन नव्हते, परंतु तापमान 32 अंशांच्या वर आणि आर्द्रता 70 च्या वर होती. निघालेल्या 68 जणींपैकी 28 जणी शर्यत पुरी करू शकल्या नाहीत. या शर्यतीनंतर थोड्याच दिवसांत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने टोकियोच्या नियोजित ऑलिंपिकमधील मॅरेथॉन तेथून उचलून उत्तरेकडील साप्पोरोस नेण्याचे फर्मान काढले. आमच्या मते हे शहाणपण फार उशिरा आले.

कारण उन्हाळी मॅरेथॉनची दप्तरे पूर्वीपासून रक्ताने लिहिलेली आहेत. 1904 साली सेंट लुईस येथील ऑलिंपिकमध्ये 32 धावक धुळीच्या रस्त्यांवरून, 32 अंशांच्या आसपासच्या उष्म्यात, दुपारी निघाले आणि त्यांतील 14 जणच शेवटास पोचले. व्यवस्थापकांनी वाटेत पाण्याची सोय हेतुपुरस्सर तोकडी ठेविली होती, कारण जलाभावाचा देहावर काय परिणाम होतो हे त्यांना पाहावयाचे होते. विजयी ठरलेल्या टॉमस हिक्सला त्याच्या साहाय्यकांनी पाण्याऐवजी स्ट्रिक्नीन आणि ब्रँडी पाजून पुढे ढकलले. 1912 साली स्टॉकहोम येथे पोर्तुगालचा तरुण धावक फ्रान्सिस्को लाझारो उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून अंगाला मेणासारखा स्निग्ध लेप लावून धावावयास उतरला असे सांगतात; घामाची वाटच बंद झाली, तो रस्त्यात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी उष्म्याने व्याकूळ होऊन एका कुटुंबाच्या बागेत विसाव्यास थांबला आणि कोणासही वर्दी न देता परस्पर मायदेशी निघून गेला. स्वीडिश मंडळींनी त्यास 1967 साली सन्मानाने बोलावून उरलेली शर्यत पुरी करावयास लावले, आणि 54 वर्षे, 8 महिने व काही दिवस अशी त्याची वेळ नोंदविण्यात आली. हसण्यासारखी वाटणारी ही गोष्ट वस्तुतः त्या शर्यतीतील अत्यंत सुज्ञ निर्णयाची आहे. कानाकुरी थांबला, म्हणून 1920 साली अँटवर्पला पुन्हा धावू शकला. आणि योगायोग असा की, त्याच अँटवर्पच्या शर्यतीत, सर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने पाठविलेल्या हिंदी पथकातून बेळगावचे फडेप्पा चौगुले उतरले होते; पुण्यास डेक्कन जिमखान्याच्या मैदानी सामन्यांत अनवाणी धावणारे खेडूत पाहूनच टाटांच्या मनात या पथकाची कल्पना आली होती. चौगुले 19 वे आले. कानाकुरी त्यांच्या थोडाच पुढे, 16 वा होता.

थांबण्याचा हा विवेक उन्हाळी सरावात रोज अल्प प्रमाणात विकत घ्यावा लागतो, आणि त्याची किंमत म्हणजे मनगटावरील घड्याळाचा अवमान. दमट हवेत हृदयावर दोन मालकांची ताबेदारी येते: स्नायू प्राणवायूसाठी रक्त मागतात, त्वचा उष्णता बाहेर टाकण्यासाठी मागते, आणि घामावाटे पाणी निघून गेल्यामुळे रक्ताचा साठा तर घटत असतो. तेव्हा गती तीच ठेविली तरी नाडी चढत जाते. जानेवारीत जो धावक किलोमीटरला सहा मिनिटे सहज राखतो, त्याने मे महिन्यात सात मिनिटांनी समाधान मानावे. आणि तेही न जमल्यास सरळ चालावे. आमच्यातील तरुण मंडळींना हे पटत नाही. लाँग रनच्या दिवशी पेस पडला की त्यांच्या चेहऱ्यावर जप्तीची नोटीस लागल्याचा भाव उमटतो. परंतु या मंद धावण्यातच सराव आहे, हे शरीर मनाच्या आधी ओळखते. दहा ते चौदा दिवस रोज सोसवेल इतका उष्मा देत गेल्यास ते आपला कारभार कोणाचाही हुकूम न घेता बदलते: रक्तातील द्रवाचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो, त्यातील मिठाची उधळपट्टी कमी होते आणि नाडी खाली येते. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खोल खाणींत नव्या मजुरांना कामावर धाडण्यापूर्वी उष्ण-दमट दालनांत पायऱ्या चढउतार करावयास लावून हेच साधले जाई. दादरच्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन लगबगीने जाणारे हमाल याच हवेत, याच घटकेस, आमच्याहून अधिक घाम गाळतात. त्यांच्या या कष्टास कोणी सराव म्हणत नाही आणि त्याच्या शेवटी कोणी गळ्यात पदक घालीत नाही, हे आपण धावकांनी अधूनमधून मनात आणिलेले बरे.

एक कटू सत्यही सांगितले पाहिजे. उष्म्याची ही अनुकूलता टिकाऊ नाही. सराव सुटला की काही आठवड्यांत ती ओसरते, म्हणजे वैशाखातील ही कमाई जानेवारीपर्यंत जशीच्या तशी पोचत नाही. उरते ती आकड्यावाचून आपल्या श्रमाची प्रत ओळखण्याची सवय. ज्यास 42 किलोमीटरांना पाच-सहा तास लागतात, अशा आमच्यासारख्याला मुंबईत जानेवारीतही शेवटचे कोस चढत्या उन्हातच काढावे लागतात, तेव्हा ही सवय उपयोगी पडते.

पाण्याविषयी दोन टोकांची मते आढळतात आणि दोन्ही टोके घातक आहेत. न पिता धावण्याची मर्दुमकी सेंट लुईसमध्येच निकालात निघाली. परंतु भीतीपोटी लोटेच्या लोटे साधे पाणी रिचविणाऱ्याच्या रक्तातील मीठ पातळ होऊन भोवळ, ओकारी, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या 488 धावकांचे रक्त तपासण्यात आले, त्यांत शेकडा 13 जणांचे क्षार धोक्याच्या रेषेखाली गेलेले आढळले. तहान लागेल तसे प्यावे, आणि धाव संपल्यावर मीठ घातलेले पन्हे, ताक, लिंबाचे सरबत यांवर ताव मारावा; या एका बाबतीत आजीची आणि वैद्यकाची रुजवात तंतोतंत जुळते. सुती बनियन मात्र घरी ठेवावे. ते घामाने जड होते आणि छाती सोलून काढते.

शेवटी वाचकांस एक विनंती. धावणारा सोबती असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा विनाकारण चिडू लागला, तर त्याचे अंग घामाने ओले आहे म्हणून निश्चिंत राहू नये. धावकाला उष्माघात भर घामातही होतो. शर्यत तिथेच तहकूब करून त्यास सावलीत आणावे, शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये, पण मिळेल त्या थंड पाण्याने आणि बर्फाने सर्वांग भिजवावे, वारा घालावा. आधी देह निववावा, मग हलवावा. रुग्णवाहिकेसाठी 108 वर जरूर कळवावे. परंतु ती येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.