'येते' म्हणण्याआधी

मराठीतील 'येणे' हे क्रियापद मोठे उदार आहे. पाऊस येतो, पाहुणा येतो, ताप येतो आणि भाषाही येते. पाऊस आला की नाही, हे अंगणात जाऊन पाहता येते. भाषा किती आली, हे मात्र सांगणाऱ्याच्या शब्दावरच सोडावे लागते. म्हणूनच "तुम्हांला अमुक भाषा येते का?" या साध्या प्रश्नात माणसाच्या सचोटीची परीक्षा दडलेली असते, असे आम्हांस वाटते.

हा विचार आमच्या मनात रुजला तो एका छंदामुळे. २०२० सालच्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद होती. त्या लांबलचक रात्रींत आम्ही मोबाइलवर चिनी मालिका पाहू लागलो. आरंभ झाला तो चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवर १९८६ साली गाजलेल्या 'पश्चिमेचा प्रवास' या मालिकेने. सातव्या शतकात भारतात आलेल्या युआन श्वांग या भिक्षूच्या यात्रेवरून रचलेल्या जुन्या कादंबरीची ती कथा. हा भिक्षू महाराष्ट्रातही येऊन गेला होता, हे शाळेत शिकलेले आठवले आणि परकी गोष्ट एकदम घरची वाटू लागली. पुढे कळले की, 'मँडरिन' हे नावसुद्धा आपल्या 'मंत्री' या शब्दापासून निघालेले आहे. तो शब्द मलय भाषेत गेला, तेथून पोर्तुगीजांनी उचलला आणि चिनी अधिकाऱ्यांना लावला. त्या अधिकाऱ्यांची भाषा ती मँडरिन.

मराठी कानाला या भाषेत काही गोष्टी आयत्या मिळतात. रोमन लिपीत 'बी' या अक्षराने लिहिला जाणारा चिनी ध्वनी प्रत्यक्षात आपल्या 'प'जवळचा असतो, तर 'पी'ने लिहिलेला ओठ मिटून उच्चारलेल्या 'फ'जवळचा. 'चाक' आणि 'चिंच' यांतील दोन निराळे 'च' मराठी मूल आईच्या मांडीवरच शिकते. चिनी भाषेतही तसे दोन ध्वनी वेगळे राखलेले आहेत. पण सुरांच्या बाबतीत आपली सगळी ऐट उतरते. मँडरिनमध्ये चार मुख्य सूर आहेत. 'मा' हा उच्चार एका सुरात आई होतो, दुसऱ्यात घोडा आणि तिसऱ्यात शिवी देणे!

मालिका पाहून भाषा शिकण्यात एक गोड फसवणूक असते. पडद्यावर आई रडत आहे, मुलगा गाठोडे घेऊन उंबऱ्याबाहेर पडत आहे आणि खाली इंग्रजी ओळी धावत आहेत. अशा वेळी आपल्याला 'समजले' म्हणून आनंद होतो. पण समजले ते कशामुळे? भाषेमुळे, चित्रामुळे, की त्या ओळींमुळे? आम्ही एक उपाय केला. पडद्याच्या खालच्या भागावर जुने पोस्टकार्ड धरले. निम्मे समजणे तेथेच गळाले. मग डोळे मिटून नुसते ऐकले, तेव्हा मूठभर शब्द हाती राहिले. त्यानंतर पाहिलेला प्रसंग स्वतः चिनीत सांगू गेलो, तर तीन वाक्यांपलीकडे गाडी सरेना. चार वर्षांच्या अभ्यासाचा हा खरा ताळेबंद आहे. तो लहान आहे, पण त्यात उसने काही नाही.

शिवाय मालिकेची भाषा ही बाजाराची भाषा नसते. राजवाड्यातील कथा पाहून शिकलेला माणूस भाजीवाल्याशी दरबारी चिनी बोलू लागेल. आपल्याकडे कोणी केवळ ऐतिहासिक मालिका पाहून मराठी शिकला आणि यवतमाळच्या बसस्थानकावर कंडक्टरला मुजरा करून "आज्ञा असावी" म्हणाला, तर जे होईल तेच त्याचे होईल.

चित्रावरून शिकण्याची ही रीत काही नवी नव्हे. मायकल रुज्जेरी हे इटालियन येशूसंघीय धर्मगुरू गोव्यातून पुढे जाऊन १५७९ साली मकावला पोहोचले. त्यांना चिनी शिकवायला दुभाषी शिक्षक मिळेना. जो मिळाला तो चित्रकार होता. तो घोडा काढून दाखवी आणि त्याचे चिनी अक्षर व उच्चार सांगे. पण रुज्जेरी चित्रापाशी थांबले नाहीत. मागाहून आलेल्या मातेओ रिची यांच्यासह ते चीनमध्ये लोकांत जाऊन राहिले आणि दोघांनी पोर्तुगीज-चिनी शब्दकोश तयार करायला घेतला. त्याच १५७९ साली इंग्रज धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स गोव्याला उतरले. त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले ते १६१६ साली. मध्ये सदतीस वर्षे गेली. भाषा 'येणे' म्हणजे काय, याचे हे एक माप आहे.

दुसरे माप सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, आणि नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तेथेच राहिले, चिनी शिकले आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्याच भाषेतून शिकवू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे तेथेच निधन झाले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर काढलेल्या चित्रपटात चिनी माणसेही हिंदी बोलतात, त्यामुळे प्रेक्षकाला सारे सोपे वाटते. प्रत्यक्षातल्या कोटणीसांसमोर जखमी सैनिक होता, आणि त्याच्या वेदनेखाली ओळी धावत नव्हत्या.

या वाक्याचा अर्थ आम्हांला आमच्याच जिल्ह्यात कळला. पांढरकवड्याच्या बाजूला कोलाम बांधवांचे पोड आहेत. त्यांची कोलामी द्रविड कुळातली. तिचे नाते मराठीशी नव्हे, तर तेलुगू-गोंडीशी. एका पावसाळ्यात आम्ही तिकडे गेलो असता एक आजी घेरी येऊन पडली होती. नर्सबाई नव्या होत्या. त्या म्हणाल्या, "फादर, तुम्हांला कोलामी येते ना? विचारा तिला." आजी भराभर बोलत होती. त्यातले 'रात्र' आणि 'पाणी' एवढे दोन शब्द आम्हांला लागले. आम्ही म्हणालो, "ख्यालीखुशाली विचारण्यापुरती येते, बाई. दुखणे समजून घेण्याइतकी येत नाही." मग शेतातून सुनेला बोलावून आणले. तिने ऐकून सांगितले की, रात्री डोके दुखले म्हणून सासूने शेजारणीच्या रक्तदाबाच्या गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या होत्या. आम्ही ओळखलेले दोन्ही शब्द बरोबर होते, पण त्यांत आजीचे दुखणे कोठेच नव्हते. तेवढ्यावर "येते" म्हटले असते, तर सुनेला कोणी हाक मारली नसती. खोट्या 'येते'चा खरा तोटा हाच असतो. ज्याला खरोखर येते, त्याची वाट आपण अडवून बसतो.

अलीकडे आमच्या धर्मग्रामातील एक युवती नोकरीचा अर्ज घेऊन आली. तीही चिनी मालिकांची चाहती आहे. "फादर, भाषांच्या रकान्यात मँडरिन अस्खलित असे लिहू का?" तिने विचारले. आम्ही म्हटले, "पोरी, अस्खलित म्हणजे न अडखळता. तू अडखळतेस का?" ती हसली. मग आम्ही दोघांनी मिळून लिहिले : सावकाश बोललेले समजते, साधी वाक्ये बोलता येतात, सुमारे तीनशे अक्षरे ओळखता येतात, लिहिता येत नाही, अभ्यास चालू आहे. ओळ लांबली खरी, पण उद्या मुलाखतीत कोणी चिनीत प्रश्न विचारला, तर तिला मान खाली घालावी लागणार नाही.

होयला होय आणि नाहीला नाही म्हणावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. 'थोडे' असेल तिथे 'थोडे' म्हणणे हेही तिच्यातच येते. वाचकहो, पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रेषितांना भाषांचे दान एका क्षणात लाभले. तुम्हांआम्हांला ती शब्दाशब्दाने कमवावी लागते. कमाई थोडी असल्याची लाज नसावी. ती आहे तेवढीच सांगावी आणि उद्या एक शब्द अधिक शिकावा.