उरलेले नऊ भाग

नगर,
12 जानेवारी

चि. बाळास,


तुझं पत्र पोचलं. महिनाअखेर फ्लॅटची किल्ली हातात येणार हे वाचलं आणि डोळे भरून आले. तुझे बाबा असते तर आज सगळ्या गल्लीला पेढे वाटून आले असते.

तू विचारलंस, ‘आत्या, दशमांश मी नेमाने देतो, मग उरलेल्यातून हौस केली तर काय बिघडलं?’ काही बिघडलं नाही. पडदे चांगले घे. मला खटकला तो ‘उरलेल्यातून’ हा शब्द. दहावा भाग मंडळीत दिला की बाकीच्या नऊ भागांच्या सातबाऱ्यावर आपलंच नाव, असं आपण सगळेच धरून चाललोय. पौलाचं कलस्सैकरांना पत्र पुन्हा एकदा सावकाश वाच. जे जे निर्माण झालं ते ख्रिस्तासाठीच, असं तो सांगतो, आणि हे तो कैदेतून लिहितोय, हातात काही नसताना.

केडगाव तुला आठवतं? मी तुला मुक्ती मिशन दाखवायला नेलं होतं. पंडिता रमाबाईंनी तिथली जमीन मुळात फळबागेसाठी घेतली. पुण्यातल्या त्यांच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेला अमेरिकेहून येणारी मदत दहा वर्षांच्या बोलीवर होती. ती थांबली तर मुलींचं भागायचं कसं, म्हणून फळझाडं लावायची, असा चोख हिशेब होता. मग 1896-97 चा दुष्काळ आला. स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच गमावलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुलींना घेऊन आली. त्यांची संख्या शेकड्यांत गेली. पुण्यात प्लेग, तिथे इतक्या जणींना ठेवता येईना. तेव्हा सगळ्या केडगावच्या शेतावर आल्या. उद्याच्या सोयीची जमीन आजच्या भुकेल्यांच्या कामी आली.

त्याहून अवघड गोष्ट पुढची. मनोरमाबाई आपल्यामागे सगळं सांभाळतील ही त्यांची आशा. ती एकुलती एक लेक जुलै 1921 मध्ये गेली. रमाबाई थकल्या होत्या, कानांनी ऐकू येत नव्हतं, तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी हातावेगळं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या प्रभूकडे गेल्या. लेकसुद्धा आपली नाही, त्याची आहे, हे त्यांना कसं पेललं असेल? मला पेललं नसतं.

माझं तर एका टेबलापाशी अडलं. तुझ्या मामांची, माझ्या यजमानांची, मागची खोली ते गेल्यापासून बंद होती. डांबराच्या गोळ्यांचा वास कोंडलेला, टेबलावर त्यांचा चष्मा. गेल्या पावसाळ्यात पाळकांनी विचारलं, ‘नर्सिंगला आलेली एक मुलगी आहे, वसतिगृहात जागा नाही, तुमच्याकडे राहील का?’ मी पंधरा दिवस टाळलं. शेवटी हो म्हटलं, आणि रविवारी चारचौघींनी कौतुक केलं तेव्हा सुखावलेही. महिन्याभरात तिच्या हातून मामांच्या टेबलावर शाई सांडली. वहीएवढा निळा डाग. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे उठले तर ती मिठाच्या पाण्यात फडकं भिजवून तो डाग घासत बसलेली, डोळे सुजलेले. तेव्हा लख्ख कळलं, खोली मी दिली होती, पण मालकी माझ्याचकडे ठेवली होती. ख्रिस्ताला देते म्हणून दिली आणि डाग पडल्याबरोबर परत मागून घेतली. तिच्या शेजारी खाली बसले आणि तिची माफी मागितली.

कवी ना. वा. टिळकांनी तर 1917 मध्ये मिशनचा पगारच सोडला. तसं सगळ्यांना करावं लागतं असं मी मानत नाही. तू नोकरी कर, कर्जाचे हप्ते फेड, मुलांना शिकव. पण तो पगार, ती रविवारची मोकळी दुपार, दारात कोणी आलं की कपाळावर उमटणारी आठी, यातलं प्रत्येक कोणाचं आहे ते प्रभूला विचारत जा.

घरभरणीच्या प्रार्थनेला मी येते. तू लिहिलंस, तिसरी खोली ‘सध्या रिकामीच राहील’. पाळक येण्याआधी तुम्ही दोघं त्या खोलीत दहा मिनिटं गुडघे टेका आणि ती कोणासाठी आहे हे प्रभूला विचारा. काय उत्तर मिळालं ते मला सांग.

सूनबाईला आशीर्वाद, लेकरांना गोड पापा.

तुझी,
आत्या