जाणाऱ्यांचा देव

घरून निघताना चुकून ‘जातो’ म्हटलं की आजी उंबरठ्यातच अडवायची. “जातो काय म्हणतोस? येतो म्हण.” रोमनांच्या यानुसबद्दल वाचताना तिची फार आठवण झाली.

यानुस म्हणजे इंग्रजीतला जेनस, दारांचा आणि आरंभांचा देव. जानेवारी महिना त्याचाच. लॅटिनमध्ये ‘यानुस’ म्हणजे ये-जा करायची कमान, ‘यानुआ’ म्हणजे दार आणि दारावरचा राखणदार ‘यानितोर’. रोमनांनी लावलेल्या व्युत्पत्ती पुष्कळदा नुसत्या मनोरंजक असतात. पण सिसेरोनं हे नाव ‘जाणे’ या क्रियेशी जोडलं, तेव्हा तो योग्य वाटेवर होता. या नावाचं नातं संस्कृत ‘या’ धातूशी सांगतात. यान, प्रयाण, यात्रा हे सारे त्याच घरचे. प्राकृतात शब्दारंभीच्या ‘य’चा ‘ज’ झाला. यात्रेची जत्रा झाली, यंत्राचं जातं झालं आणि ‘याति’वरून आपलं ‘जाणे’ आलं. गंमत अशी, की तिकडेही यानुआरियुसच्या ‘य’ला पुढे ‘ज’ फुटला. म्हणजे आजीला न चालणारं ‘जातो’ आणि भिंतीवरचा जानेवारी हे लांबचे भाऊबंद निघाले!

यानुसला दोन तोंडं, एक आत पाहणारं, एक बाहेर. आपल्याकडे ‘दुतोंडी’ ही शिवी. रोमनांनी तो चेहरा नाण्यावर छापला. मागच्या बाजूला जहाजाची नाळ असे, म्हणून नाणं उडवताना पोरं ‘डोकी की जहाज’ असं ओरडत.

रोमच्या फोरमजवळ त्याचं एक देऊळ होतं. लढाई चालू असेतो त्याची दारं उघडी आणि सगळीकडे शांतता झाली की बंद. ती फारशी बंद झालीच नाहीत. आपल्या कारकिर्दीत ती मिटण्याचा ठराव तीनदा झाला, अशी नोंद सम्राट ऑगस्टसनं मोठ्या तोऱ्यात करून ठेवली आहे. त्याआधी, शहर वसल्यापासून, जेमतेम दोनदा.

पण युद्धात दार उघडं का? उलट घट्ट लावून घ्यायला नको? ओव्हिडच्या ‘फास्ती’त कवी हेच विचारतो आणि यानुस सांगतो, की लढाईवर गेलेल्यांना परत यायची वाट मोकळी राहावी म्हणून.

आम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत आजीही कधी दार लोटत नसे.