झमझम आणि गंगाजळ

कसबा पेठेत ग्रामदैवत गणपती आहे आणि थोरल्या शेख सल्ल्याचा दर्गाही. इथे ‘तीर्थ’ म्हणताच आम्हांला दोन जलांची आठवण होते.

हजहून परतलेल्यांच्या भेटीस गेले, की खजुराबरोबर झमझमचा लहानसा पेला पुढे येतो. हाजीच्या वाट्याला येतो ५ लिटरचा कॅन. भेटीस येणारे मात्र गल्लीभर. म्हणून साध्या पाण्यात थोडे झमझम मिसळून पुरवठ्यास आणतात. किब्ल्याकडे तोंड करून, बिस्मिल्ला म्हणून, उजव्या हाताने, तीन श्वासांत प्यावे, मग मनातले मागावे, असा रिवाज. आमच्यासारखा बिगरमुस्लिम पाहुणा क्षणभर अडखळतो: हे आपण घ्यावे काय? पण देणारा धर्म विचारीत नाही. तान्ह्या इस्माईलच्या तहानेपायी बीबी हाजरा सफा-मरवा टेकड्यांमध्ये सात खेपा धावली, तेव्हा हा झरा फुटला, अशी श्रद्धा आहे. तहानेतून आलेले पाणी अडवायचे कुणी?

काही हाजी आपले कफन झमझममध्ये भिजवून, वाळवून घरी आणतात. आमच्या देवघरांत गंगाजळाचा गडूही अखेरच्या घोटासाठीच जपलेला असतो. शेवटच्या घटकेची सोय दोन्ही घरांनी पाण्यावरच सोपवली आहे; जिवंतपणी ते एकमेकांना देण्यात मग संकोच कसला?